एक ‘चार्ज’, अर्थ किती? मोबाइलपासून कोर्टापर्यंत आणि हॉटेलच्या बिलापासून सातबाऱ्यापर्यंत

सकाळी उठल्यावर आपण आधी मोबाइल चार्ज झालाय का ते बघतो. मग बातम्या उघडतो. एका प्रकरणात चार्जशीट दाखल झालेली असते, कुठल्या तरी मोर्चावर लाठीचार्ज झालेला असतो आणि जिल्ह्याला आलेल्या नव्या कलेक्टरांनी चार्ज घेतलेला असतो. संध्याकाळी मित्रांसोबत जेवायला जावं तर बिलात सर्व्हिस चार्ज लागलेला असतो.

एका दिवसात एकच शब्द पाच वेळा भेटला आणि पाचही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. आपण अडखळलो नाही, कारण हा शब्द आता मराठीच झालाय. पण अडखळत नाही म्हणजे समजतोच, असंही नाही. कोणावर चार्जशीट दाखल झाली की सोशल मीडियावर तो ‘गुन्हेगार’ ठरतो. बिलात चार्ज छापलाय म्हणजे तो सरकारी कर असणार, असं समजून लोक निमूट पैसे भरतात. जमिनीवर बँकेचा चार्ज आहे हे न कळल्यामुळे व्यवहार अडकतात.

म्हणूनच या एका शब्दाची नीट ओळख करून घेऊया. तो आला कुठून, त्याला इतके अर्थ कसे फुटले आणि कुठल्या अर्थाने आपल्या खिशावर, हक्कांवर किंवा एखाद्याच्या अब्रूवर काय परिणाम होतो?

सुरुवात एका गाडीपासून

चार्जचं मूळ शोधत मागे गेलं की आपण एका चाकाच्या गाडीपाशी पोहोचतो. लॅटिन भाषेत ‘कारुस’ म्हणजे सामान वाहणारी गाडी. हा शब्द रोमन लोकांनी आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या गॉल लोकांकडून उचलला होता. त्यावरून पुढे ‘कारिकारे’ हे क्रियापद झालं. अर्थ सरळ होता, गाडीत माल भरणं, ओझं लादणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं रूप बदललं आणि फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या आसपास हा शब्द इंग्रजीत आला, ‘चार्ज’ म्हणून.

म्हणजे चार्जचा पहिला अर्थ ना वीज, ना पैसे, ना आरोप. पहिला अर्थ आहे ओझं.

याच घराण्यातले इतर शब्दही आपल्या ओळखीचे आहेत. कार, कॅरी, कॅरेज, करिअर हे सगळे त्या गाडीचेच वंशज. जहाजावरचा ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला, त्याचाही अर्थ लादलेला माल. गंमत म्हणजे ‘कॅरिकेचर’सुद्धा याच कुटुंबातलं. इटालियन भाषेत ‘कारिकारे’ म्हणजे भर घालणं, जास्तीचं चढवणं. नाक जरा जास्तच लांब, पोट जरा जास्तच मोठं काढलं की झालं कॅरिकेचर.

ओझ्याची ही कल्पना डोक्यात ठेवली की पुढचे सगळे अर्थ आपोआप उलगडत जातात. दरवेळी कोणीतरी कोणावर तरी काहीतरी लादतंय. फक्त लादायची वस्तू बदलते.

जबाबदारी लादली : ‘साहेबांनी चार्ज घेतला’

माणसावर लादता येणारं पहिलं ओझं म्हणजे जबाबदारी. सरकारी कार्यालयात बदलीनंतर नवीन अधिकारी ‘चार्ज घेतो’ आणि जुना अधिकारी ‘चार्ज देतो’. कागदोपत्री मराठीत यालाच पदभार किंवा कार्यभार म्हणतात. एकाकडे दोन खुर्च्या आल्या की ‘अतिरिक्त कार्यभार’.

या मराठी शब्दांकडे नीट बघा. पदभार, कार्यभार, प्रभारी, या प्रत्येकात ‘भार’ आहे. म्हणजे मराठीनेही जबाबदारीकडे ओझं म्हणूनच पाहिलंय.

‘प्रभारी’ या शब्दात मात्र एक मेख आहे. ‘प्रभारी प्राचार्य’ म्हणजे कायमस्वरूपी प्राचार्य नेमले जाईपर्यंत काम पाहणारी व्यक्ती. पण राजकीय पक्षाचा ‘महाराष्ट्र प्रभारी’ तात्पुरता नसतो, त्याच्याकडे पक्षाने राज्याची जबाबदारी सोपवलेली असते. शब्द तोच, पण पहिल्यात हंगामीपण आहे आणि दुसऱ्यात नाही.

परराष्ट्र संबंधांच्या बातम्यांमध्ये याच शब्दाचा फ्रेंच भाऊ भेटतो, ‘शार्जे दाफेअर’. शब्दशः अर्थ, ज्याच्यावर कारभार सोपवलाय असा. राजदूत किंवा उच्चायुक्त नसताना दूतावास हा अधिकारी सांभाळतो. ऑगस्ट २०१९ नंतर भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या राजधानीत उच्चायुक्त ठेवलेले नाहीत, तिथलं काम याच दर्जाच्या अधिकाऱ्यांकडे आहे. त्यामुळे अशा बातमीत हा शब्द दिसला तर तो संबंध ताणलेले असल्याची खूणही असू शकतो.

इंग्रजीत इथे आणखी एक सापळा आहे. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा. पण मध्ये ‘द’ आला आणि ‘इन द चार्ज ऑफ’ झालं की अर्थ उलटतो, तो होतो ज्याला सांभाळलं जातंय तो. नर्स बाळाची ‘इन चार्ज’ असते आणि बाळ नर्सच्या ‘इन द चार्ज’ असतं. एवढ्याशा ‘द’मुळे बाळच नर्सला सांभाळायला लागेल!

दोष लादला : चार्जशीट म्हणजे शिक्षा नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा अर्थ. जबाबदारीसारखाच दोषही लादता येतो. त्यातून चार्जचा ‘आरोप’ हा अर्थ आला.

मराठीतला ‘आरोप’ हा शब्दही याच वाटेने आलाय. तो संस्कृतच्या ‘रुह्’ म्हणजे वाढणं, वर चढणं या धातूपासून बनला. आरोप म्हणजे वर चढवणं, एखाद्यावर ठेवणं. आपलं रोप आणि वृक्षारोपण याच धातूतून आलंय. वृक्षारोपणात रोप जमिनीवर ठेवलं जातं, आरोपात दोष माणसावर. हा दोष त्याचा आहे की नाही, हे मात्र अजून ठरायचं असतं.

नेमकं हेच आपण विसरतो. भारतात फौजदारी प्रकरण कुठल्या पायऱ्यांनी पुढे जातं ते बघूया. १ जुलै २०२४ पासून यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू आहे.

पहिली पायरी, एफआयआर. म्हणजे प्रथम खबर अहवाल. गुन्हा घडल्याची माहिती पोलिसांनी नोंदवून घेतली, इतकाच याचा अर्थ. नव्या कायद्यात हे कलम १७३ मध्ये आहे.

दुसरी पायरी, तपास. पोलीस पुरावे गोळा करतात, जबाब घेतात. गरज पडली तर अटक करतात.

तिसरी पायरी, चार्जशीट. मराठीत दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र. तपास संपल्यावर पोलिसांना काय सापडलं, याचा तो कोर्टाला दिलेला अहवाल असतो. कायद्याच्या भाषेत त्याला पोलीस अहवालच म्हणतात आणि तो कलम १९३ खाली दिला जातो. ही पोलिसांची बाजू आहे. कोर्टाचं मत अजून आलेलं नसतं.

चौथी पायरी, आरोप निश्चिती. इंग्रजीत ‘चार्ज फ्रेम होणं’. इथे पहिल्यांदा कोर्ट ठरवतं की खटला चालवण्याइतका आधार आहे का. नसेल तर आरोपीला इथेच सोडलं जातं, त्याला ‘डिस्चार्ज’ म्हणजे दोषमुक्त करणं म्हणतात. आधार असेल तर कोर्ट नेमके आरोप ठरवतं, ते आरोपीला वाचून समजावून सांगतं आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारतं.

पाचवी पायरी, खटला आणि निकाल. साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद. त्यानंतर निर्दोष किंवा दोषी.

म्हणजे चार्जशीट आणि दोषी ठरणं यांच्यात आरोप निश्चिती आणि पूर्ण खटला उभा आहे. चार्जशीट हजारो पानांची असली तरी तिने कोणी गुन्हेगार ठरत नाही. तरीही ‘चार्जशीट दाखल’ ही बातमी आली की कमेंटमध्ये निकाल लागलेला असतो. नंतर ती व्यक्ती निर्दोष सुटली तर ती बातमी तितकी फिरत नाही. पहिली पोस्ट मात्र नावासकट राहते.

याची दुसरी बाजूही आहे. चार्जशीट वेळेत दाखल होणं खूप महत्त्वाचं असतं. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण झाला नाही, तर कोठडीत असलेल्या आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे ‘९० दिवस झाले, चार्जशीट नाही’ अशी बातमी आली की ती गंभीरपणे वाचायला हवी.

जुन्या बातम्या वाचताना आकड्यांचाही एक घोळ लक्षात ठेवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३ हे चार्जशीटचं कलम होतं. नव्या कायद्यात कलम १७३ एफआयआरचं आहे. आकडा तोच, पण एका कायद्यात तपासाचा शेवट आणि दुसऱ्यात सुरुवात.

आणि सरकारी नोकरीतली ‘चार्जशीट’ याहून वेगळी. विभागीय चौकशीत कर्मचाऱ्याला दिलं जाणारं दोषारोपपत्र हा शिस्तभंगाचा विषय असतो. त्यात पोलीस किंवा फौजदारी कोर्ट असेलच असं नाही. ‘अमुक अधिकाऱ्याला चार्जशीट’ असं वाचल्यावर ती कोणी दिली, पोलिसांनी की खात्याने, हे आधी बघायला हवं.

पैसे लादले : बिलातला प्रत्येक चार्ज कर नसतो

ओझं पैशांचंही असतं. एखाद्या वस्तूची किंवा सेवेची किंमत ग्राहकावर टाकली की तोही चार्ज. इंग्रजीत ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे मोफत, शब्दशः पाहिलं तर ‘ओझ्याविना’.

इथे फरक करायला शिकायचं ते कर आणि चार्ज यांच्यात. कर सरकार लावतं आणि त्यामागे कायदा असतो. चार्ज कोणीही लावू शकतं, बँक, कुरिअरवाला, हॉटेलमालक, हाउसिंग सोसायटी. त्यामुळे बिलात नुसतं ‘चार्ज’ दिसलं की दोन प्रश्न विचारायचे. हा कोण घेतंय? आणि मी नाही म्हणू शकतो का?

सगळ्यात जास्त वाद होतो तो हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जवरून. अनेकांना तो जीएसटीसारखा सरकारी कर वाटतो. तो तसा नाही. ती रक्कम हॉटेल स्वतःसाठी घेतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने तो घेऊ नये, तो दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारू नये आणि बिलात तो मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये, असं त्यात म्हटलंय. हॉटेल व्यावसायिकांच्या संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या. ग्राहकाने स्वतःहून टीप द्यायची तर द्यावी, पण बिलात सक्तीने वसुली नको, असा त्याचा अर्थ. या निकालालाही पुढे खंडपीठापुढे आव्हान देण्यात आलं.

हिशेब करून बघूया. तुमचं खाणं झालं १,००० रुपयांचं. पाच टक्के जीएसटी धरला तर बिल होतं १,०५० रुपये. आता मध्ये दहा टक्के सर्व्हिस चार्ज घातला तर १,१०० झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे ५५ रुपये. एकूण १,१५५. चार्ज दिसतो १०० रुपयांचा, पण खिशातून जास्तीचे जातात १०५. असा चार्ज काढायला सांगूनही काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

वीजबिलात मात्र याच चार्जने वेगळं मराठी नाव घेतलंय, ‘आकार’. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे शब्द असतात. इथे आकार म्हणजे गोल-चौकोनी आकार नव्हे. ‘शुल्क आकारणे’, ‘दंड आकारणे’ यातला तो आकार. स्थिर आकार म्हणजे महिनाभर घर बंद असलं तरी द्यावी लागणारी रक्कम. वीज आकार वापरलेल्या युनिटचा. वहन आकार वीज तारांमधून तुमच्या घरापर्यंत आणण्याचा. घर बंद असतानाही बिल आलं म्हणून वैतागण्याआधी स्थिर आकाराची ओळ बघायची.

आणि सरचार्ज? त्याला मराठीत ‘अधिभार’ म्हणतात, आधीच्या भारावर आणखी भार. प्राप्तिकरात करपात्र उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर अधिभार लागतो. तो उत्पन्नावर नसतो, कराच्या रकमेवर असतो. म्हणजे दहा टक्के अधिभार याचा अर्थ उत्पन्नाचे दहा टक्के गेले, असा नाही.

जमिनीवर लादलं : सातबाऱ्यावरचा ‘बोजा’

गावाकडे चार्जचं सगळ्यात नेमकं भाषांतर ऐकायला मिळतं, ‘बोजा’. शेतकऱ्याने जमिनीवर कर्ज घेतलं की सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेची किंवा सोसायटीची नोंद होते. बोलताना लोक ‘इतर हक्कात बोजा चढला’ असं म्हणतात. हा बोजा म्हणजे मालमत्तेवरचा चार्ज.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या कलम १०० मध्ये चार्जची व्याख्या आहे. एखाद्याची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशांसाठी तारण झाली, पण तो व्यवहार गहाणखतात बसत नाही, तर त्याला कायद्यात चार्ज म्हणतात. रोजच्या बोलण्यात मात्र गहाण असो की चार्ज, दोन्हीला आपण बोजाच म्हणतो.

इथे नुकसान मोठं होऊ शकतं. जमीन विकत घेताना मालकाचं नाव पाहून लोक समाधानी होतात. पण मालकी एका रकान्यात आणि ओझं दुसऱ्या रकान्यात असतं. बोजा असलेली जमीन घेतली तर मालक बदलला म्हणून बँकेचा हक्क आपोआप संपत नाही. म्हणून व्यवहाराआधी ‘इतर अधिकार’ वाचायचं, तिथल्या फेरफार क्रमांकांच्या नोंदी काढून बघायच्या आणि बोजा असेल तर तो फेडल्याचा कागद मागायचा.

उलट बाजूनेही सावध राहावं लागतं. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरतो असं नाही. बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज करावा लागतो. तलाठ्याकडे जाऊन किंवा राज्य सरकारच्या ‘ई-हक्क’ प्रणालीतून तो करता येतो. अनेक घरांत आजोबांचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, बोजा मात्र नातवाच्या सातबाऱ्यावर दिसत राहतो.

कंपन्यांचंही असंच. कंपनीने मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतलं की तो चार्ज कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात त्यासाठी साधारण ३० दिवसांची मुदत आहे. कुठल्या कंपनीवर कोणाचा चार्ज आहे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं.

शस्त्र भरलं : लाठीचार्जमधला चार्ज

ओझं लादण्यावरून हल्ला हा अर्थ कसा आला, हे थोडं आश्चर्याचं वाटतं. पण मधला दुवा शस्त्रांचा आहे. बंदुकीत किंवा तोफेत दारू ठासणं म्हणजे तिच्यात ‘चार्ज’ भरणं. भाला रोखून वार करायच्या तयारीत धरणं यालाही चार्जच म्हणायचे. शस्त्र तयार झालं की पुढची पायरी धावून जाण्याची. हळूहळू धावून जाण्यालाच चार्ज म्हणू लागले. अशा लढाईतला घोडा तो ‘चार्जर’. आज चार्जर म्हटल्यावर आपण वायर शोधतो, तेव्हाचा सैनिक तबेल्यात गेला असता.

इतिहासातला सगळ्यात गाजलेला चार्ज २५ ऑक्टोबर १८५४ चा. क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हा इथे ब्रिटिशांच्या ‘लाइट ब्रिगेड’चे सहाशेहून अधिक घोडेस्वार रशियन तोफांवर चालून गेले. कारण होतं एका हुकुमाचा चुकीचा अर्थ. तोफा रोखा, असा आदेश आला होता. पण नेमक्या कुठल्या तोफा, हे खालच्या अधिकाऱ्यांना स्पष्ट कळलं नाही. शंभरहून अधिक घोडेस्वार मारले गेले. इंग्रज कवी टेनिसन यांनी त्याच वर्षी यावर कविता लिहिली आणि हा चार्ज इंग्रजी शाळांमधून जगभर पोहोचला.

लाठीचार्ज हा शब्द मात्र आपल्याकडचा. देशी लाठी आणि इंग्रजी चार्ज यांची जोडी भारतात जमली. मराठीत लाठीमार, लाठीहल्ला हे शब्द आहेत. बातमीत अनेकदा ‘सौम्य लाठीचार्ज’ असं येतं. हा शब्द वाचताना थांबायला हवं. चार्ज म्हणजे धावून जाणं आणि काठी म्हणजे काठी. ती सौम्य होती की नाही, हे किती लोक जखमी झाले आणि कुठे मार लागला यावरून ठरतं, प्रेसनोटमधल्या विशेषणावरून नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार बेकायदा जमावाला किंवा शांतता बिघडवू शकेल अशा पाच किंवा जास्त लोकांच्या जमावाला आधी पांगायचा आदेश द्यावा लागतो. जमाव हटला नाही किंवा हटणार नाही असंच त्याचं वागणं असेल, तर बळ वापरता येतं. हा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी. तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. म्हणजे इथे एक ‘इनचार्ज’ अधिकारी दुसऱ्या ‘चार्ज’चा आदेश देतो.

जंगल सफारीला गेलात तर गाइडच्या तोंडी हाच अर्थ येईल. ‘अस्वलाने चार्ज केलं’ म्हणजे ते अंगावर धावून आलं. नुसतं घाबरवायला थोडं धावून परत वळलं तर तो ‘मॉक चार्ज’.

वीज भरली : बॅटरीत खरंच काय जातं?

शेवटी आपल्या मोबाइलकडे येऊया. विजेच्या शास्त्रातही हा शब्द शस्त्रांच्याच आसपासच्या भाषेतून आला. १७४० च्या दशकात युरोपात ‘लायडन जार’ हे उपकरण तयार झालं. काचेची बरणी, तिला आतून-बाहेरून धातूचा पत्रा आणि त्यात साठवलेली स्थिर वीज. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्यावर प्रयोग केले. बंदूक भरावी तशी बरणी ‘चार्ज’ व्हायची आणि हात लावला की झटका देऊन ‘डिस्चार्ज’ व्हायची. अनेक बरण्या एकत्र जोडल्या त्याला फ्रँकलिन यांनी नाव दिलं ‘बॅटरी’. तोफखान्यातल्या तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणतात, तिथून हा शब्द आला.

धन आणि ऋण ही विजेची नावंही फ्रँकलिन यांनीच रूढ केली. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हा फ्रँकलिन यांच्या पद्धतीप्रमाणे त्याच्या वाट्याला ऋण चिन्ह आलं. म्हणून शाळेत आपण शिकतो की विद्युतधारा धनाकडून ऋणाकडे वाहते आणि तारेतले इलेक्ट्रॉन मात्र उलट दिशेने जातात.

मराठी पाठ्यपुस्तकात या चार्जला विद्युतप्रभार म्हणतात. इथेही भार आलाच.

आता एक गैरसमज. मोबाइल चार्जिंगला लावला की बॅटरीत इलेक्ट्रॉन भरले जातात, टाकीत पाणी भरावं तसे, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. लिथियम-आयन बॅटरीत चार्जर लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलतो आणि तितकेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीतून तिकडे जातात. बॅटरीतला एकूण धन आणि ऋण प्रभार आधीही समसमान असतो, नंतरही. साठते ती रासायनिक ऊर्जा. फोन वापरताना आयन आणि इलेक्ट्रॉन परत फिरतात. म्हणजे शंभर टक्के ‘चार्ज’ झालेल्या बॅटरीत एकूण चार्ज शून्यच!

मग फोनच्या खोक्यावर ५,००० एमएएच लिहिलेलं असतं ते काय? ते विद्युतप्रभाराचंच माप आहे. पूर्ण भरलेली बॅटरी रिकामी होईपर्यंत तिच्यातून किती प्रभार वाहू शकतो, हे ते सांगतं. ५,००० एमएएच म्हणजे १८,००० कुलोम. ही बॅटरी घडवणाऱ्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ओझं उतरलं : डिस्चार्ज आणि रीचार्ज

लादण्याची उलट क्रिया म्हणजे उतरवणं, तो डिस्चार्ज. बॅटरी डिस्चार्ज होते, कोर्ट आरोपीला डिस्चार्ज करतं आणि पेशंटला हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळतो. तिन्हींत काहीतरी उतरतंय, विजेचा साठा, आरोप किंवा उपचारांची जबाबदारी. पण पेशंटच्या बाबतीत डिस्चार्ज म्हणजे पूर्ण बरा झाला असं नाही. घरी पुढचे उपचार काय, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. विम्याच्या दाव्यासाठीही ते लागतं, म्हणून जपून ठेवायचं.

कोर्टातला डिस्चार्ज आणि निर्दोष सुटणं यातही फरक आहे. डिस्चार्ज खटला सुरू होण्याआधी मिळतो. एकदा आरोप निश्चित झाले की मग खटला दोषी किंवा निर्दोष अशा निकालापर्यंत जातो. ‘कोर्टाने सोडलं’ एवढंच लिहिलं की हा फरक पुसला जातो.

रीचार्ज म्हणजे पुन्हा भरणं. पूर्वी तो बॅटरीचा होता, मग प्रीपेड सिमचा झाला. पाण्यासाठी मराठीने छान शब्द दिलाय, पुनर्भरण. छतावरचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडलं की भूजलाचं रीचार्ज होतं.

मग अर्थ ओळखायचा कसा?

पुढच्या वेळी ‘चार्ज’ दिसला की स्वतःला विचारा, कोणी, कोणावर, काय लादलंय?

* पोलिसांनी माणसावर दोष ठेवला : चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र. निकाल बाकी आहे.
* कोर्टाने नेमके आरोप ठरवले : आरोप निश्चिती. खटला आता सुरू होतोय.
* सरकारने अधिकाऱ्यावर काम सोपवलं : पदभार, कार्यभार.
* दुकानदाराने ग्राहकावर रक्कम टाकली : शुल्क किंवा आकार. कर आहे का, ते तपासा.
* कर्ज देणाऱ्याने मालमत्तेवर हक्क ठेवला : बोजा. खरेदीआधी उतरवून घ्या.
* पोलीस जमावावर धावून गेले : लाठीमार. विशेषण बाजूला ठेवून जखमींचा आकडा बघा.
* चार्जरने बॅटरीत ऊर्जा साठवली : चार्जिंग. यात कोणाचं नुकसान नाही, वीजबिल सोडून.

इंग्रजी बातमी मराठीत आणतानाही हेच उपयोगी पडतं. ‘चार्ज्ड विथ मर्डर’ म्हणजे ‘खुनाचा आरोप ठेवला’. ‘खुनी ठरला’ असं लिहिलं तर आपण कोर्टाच्या आधीच निकाल देऊन मोकळे होतो. ‘इन चार्ज’ म्हणजे ‘जबाबदारी असलेला’, आरोप असलेला नाही. एका शब्दाच्या फरकाने साक्षीदाराचा आरोपी आणि आरोपीचा गुन्हेगार होऊ शकतो.

सोशल मीडियावर बातमी शेअर करायला दोन सेकंद लागतात. त्यात ‘चार्ज’ असेल तर आणखी दहा सेकंद द्या आणि त्याचा अर्थ तपासा. ज्याच्यावर आरोप झालाय त्याच्या खांद्यावर आधीच पुरेसं ओझं असतं, त्यात आपल्या चुकीच्या शब्दाची भर नको.